सातव्या पायरीवरची बाई

दार लोटा, आणि मध्ये कुणी बोलू नका. ही आमच्या गुंडप्पाच्या लेकीची, शिवलीलाची गोष्ट. गेल्या येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची.

शिवलीला आर्किटेक्चर शिकते. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात आंबील पीत बसलेला, आणि त्यांच्या शांतलिंग सरांनी वर्ग नेला उमरग्याजवळच्या बारवेवर, लेझर स्कॅनर शिकवायला. तीन पायांवरचं ते यंत्र गरगर फिरतं आणि दगड न् दगड मोजतं. मग व्हीआरचा चष्मा चढवला की माणूस बसल्या जागी बारवेत उतरतो. सरांनी बजावलं होतं, यंत्रासमोर उभं राहू नका. माणूस आडवा आला की त्याच्या मागचं मोजलं जात नाही, तिथं काळं भोक राहतं.

रात्री साडेनऊला सरांनी शिवलीला आणि तिची मैत्रीण अर्पिता, दोघींना लॅबमध्ये बोलावलं. पडद्यावर बारव होती. वरून सातव्या पायरीवर एक बाई बसली होती. यंत्र शिवलीलाकडं होतं, म्हणून बाई बसवून थट्टा तिनंच केली, असं सर म्हणाले. प्रोजेक्ट रद्द. म्हणजे वर्ष गेलं.

"सर, तिच्या मागचा दगड बघा की," शिवलीला म्हणाली. "समदा मोजलाय. खरी बाई असती तर भोक पडलं असतं."

"मला शिकवतेस? खोटारडी."

संताप येतो, बघा. यांनीच शिकवलेलं पोरीनं ध्यानात ठेवलं, तर तीच खोटारडी. आमच्या आज्याच्या काळी त्याच बारवेवर गावानं नीलम्मा नावाच्या बाईवर भांडं चोरल्याचा आळ घेतला. तिनं उडी घेतली. आठ दिवसांनी भांडं गाळात सापडलं. लाज कुणाला वाटली? कुणालाच नाही.

सरांनी चष्मा चढवला आणि स्कॅनमधून बाई पुसली. ती पाचव्या पायरीवर दिसली. पुन्हा पुसली. तिसरी पायरी.

पुन्हा.

पहिली...

मग पायऱ्या रिकाम्या.

"गेली," सर म्हणाले. पुसायला उचललेला हात तसाच वर.

"सर?"

...

चष्म्याखाली ओठ हलले. "तू खरं बोलत होतीस."

तोंड मात्र दाराकडं होतं. दारात कुणी नव्हतं. पोरी पळाल्या.

सकाळी सर आले. मान खाली घालून प्रोजेक्ट पास केला. यंत्र रात्रभर पेटीत कुलूपबंद होतं. तरी त्यात एक नवी फाइल निघाली. वेळ, रात्री नऊ बावन्न. लॅबची खोली. खुर्चीत चष्मा घातलेले सर.

त्यांच्या मागची भिंत, कॅलेंडर, खिळा, सगळं मोजलेलं. भोक कुठंच नव्हतं.