उजव्या खांद्यावरची पाकळी

पहिला कौल. डावा.

"पडली! डावी पडली!" धाकटा लक्ष्मीकांत ओरडला आणि त्याने लगेच जीभ चावली. शरयूताईचा चेहरा बघवेना.

माधवगंजातल्या या घरात मोठं काही ठरवायचं म्हणजे आधी देवाला विचारायचं. दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेल्या खंडोबाच्या दोन्ही खांद्यांवर मोगऱ्याची एकेक पाण्यात भिजवलेली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

शरयूचा प्रश्न साधा होता: पुण्याच्या शाळेत जाऊ का? डॉक्टर व्हायचं, हे तिने दोन वर्षांपूर्वीच पक्कं केलं होतं. इंग्रजीची तीन पुस्तकं एकटीने संपवली होती. अर्ज तयार होता. फक्त आजोबांची, सदाशिवरावांची, सही हवी होती. आणि सही कौलानंतर. शुक्रवारचं टपाल चुकलं की वर्ष गेलं!

"देवाचीच इच्छा नाही, पोरी," महिपतकाका म्हणाले. पाकळ्या तेच लावायचे.

दुसरा कौल. डावा.

"ताई, इकडे ये! जल्दी!"

काकांची बारा वर्षांची वनमाला मूर्तीला नाक लावून उभी होती. देवाच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंग्या पाण्याला येतात होय?" शरयूने विचारलं.

लक्ष्मीकांतने बोट लावलं आणि चाटलं. "गूळ! कसम से, गुळाचं पाणी!"

"अरे, देवाला चाटलंस?"

"देवाला नाही, पुराव्याला!"

तिघं खिदळली. मग शरयूचं हसू आटलं. साध्या पाण्याची पाकळी मे महिन्यात बघता बघता सुकून पडते. गुळाची पडत नाही. म्हणजे देव नाही म्हणालाच नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"आजोबांना सांगू या!" लक्ष्मीकांत म्हणाला.

"तुझं ऐकतील? कल तक तू गच्चीवर भूत बघत होतास!"

वनमाला हळूच म्हणाली, "बाबा उज्जैनच्या लोकांना शब्द देऊन आलेत. यंदा घरातली मुलगी देतो म्हणून. तू, ताई."

 शरयूचे डोळे चमकले. "मग शुक्रवारी लग्नाचाच कौल मागते. काकांना 'हो' हवं असणार. गूळ कुठे लागेल?"

"डाव्या खांद्यावर!" दोघं एकदम ओरडली.

तिसरा कौल.

सगळं घर जमलं. काका इतके खूश, की पाकळ्या लावताना गुणगुणत होते. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं—

"आजोबा, लग्न माझं ना? मग मीच विचारते!"

"विचार, विचार!" आजोबा म्हणाले.

"देवा, मी पुण्याला शिकायला जाऊ का?"

काकांचा हात झटकन मूर्तीकडे गेला.

"बाबा, कौल लावल्यावर हात नसतो ना लावायचा?" वनमालाने अगदी गोड आवाजात विचारलं.

उजवी पडली!

"येळकोट येळकोट!" लक्ष्मीकांतने उडीच मारली. आजोबांनी तिथेच सही केली. "महिपत, तुझा हात पवित्र हो!"

काका काय बोलणार? बोलायचं तर गुळाचं बोलावं लागलं असतं.

चौथा कौल. घेतला नाही.

तिघं अर्ज घेऊन टपालात टाकायला निघाली, तेवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. "उज्जैनला शब्द गेलाय, आबा. शरयू नाही तर वनमाला."

"बारावं सरलंय. हरकत काय?" आजोबा म्हणाले.

शरयू धावत आत आली, मागोमाग वनमाला. "देवाला नाही विचारायचं?"

"शब्द दिल्यावर काय विचारायचं?" आजोबांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवले. "शाबास! गुणाच्या पोरी! एका दिवसात दोघींचं भलं झालं!"

सांग. आत्ता सांग.

गुळाचं सांगितलं, तर काकांच्या शब्दाला घरात किंमत उरली नसती. वनमाला कदाचित वाचली असती. पण मग सकाळचा तो 'हो'सुद्धा खोटा ठरला असता.

अर्ज शरयूच्या मुठीत होता. तिने तोंड उघडलं.

मिटलं.

वनमालाने ते पाहिलं. काकांनीही पाहिलं. काका हसले.

तिघं तशीच टपालाकडे निघाली. नया बाज़ारच्या टपालपेटीत अर्ज पडल्याचा आवाज आला, तेव्हा वनमाला म्हणाली, "पुण्याहून मला पत्र लिही हं. नाव मात्र आधी विचारून घे. लग्नात बदलतात ना."