सहा आठवडे उचलायचं नाही

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात निघाली ती अगदी भाजी आणायला निघाल्यासारखी. हातात एक पिशवी, पिशवीत दोन गाऊन, कंगवा आणि नामस्मरणाची वही. घरात तिला सगळे थोरली म्हणत. सोबत धाकटी जाऊ होती.

थोरलीला दोन मुलगे. त्यांच्यानंतर, सहा वर्षांपूर्वी, एक मुलगी झाली होती, पण ती रडलीच नाही. एक उचकी दिली म्हणतात, तेवढीच. त्या बाळंतपणापासून थोरलीच्या बेंबीपाशी हर्निया होता. शिंकलं, खोकलं की लिंबाएवढा फुगवटा वर यायचा. आडवं पडून तो तळहाताने आत सारायचा, असं डॉक्टरांनीच शिकवलेलं. थोरली सारताना पुटपुटायची, "जा गं बाई आत, थंडी वाजेल." हे बोलणं कधी सुरू झालं, ते तिलाही आठवत नव्हतं.

सर्जनबाईंनी नीट समजावलं होतं. नुसतं भोक शिवून भागणार नव्हतं, पोटाचे स्नायूच मधून फाकले होते. ते जवळ आणून शिवायचे, आत जाळी बसवायची आणि लोंबणारी जादा कातडी त्याच वेळी काढून टाकायची. भूल एकदाच, दुखणंही एकदाच. थोरलीला संकोच वाटला तो कातडीचा. या वयात पोट सपाट करून घ्यायचं, देवाला काय वाटेल? जाऊ म्हणाली, देवाला वाटेल, बाई हुशार आहे, शिंप्याकडे एका फेरीत दोन कामं उरकली.

सर्जनबाईंची अट एकच होती. सहा आठवडे काही उचलायचं नाही. बादली नाही, पिशवी नाही, मूल तर मुळीच नाही. जाळी रुजायच्या आत ताण आला तर आतून उसवेल, आणि उसवलेलं पोट पुन्हा धड शिवता येईल याची खात्री त्या देत नव्हत्या. थोरलीने डोळे मिटून देवापुढे तसा संकल्पच सोडला. तिचे संकल्प आजवर मोडले नव्हते.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायला आलेले सगळे परतले, जाऊ औषधं आणायला खाली गेली. थोरली गुडघ्यांखाली उशी घेऊन अर्धवट बसलेली, पोटाला रुंद पट्टा करकचून बांधलेला. पट्ट्याखालून निघालेली एक बारीक नळी गादीच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाच्या रबरी फुग्यात पोटातलं लालसर पाणी साचत होतं. खोलीत ऊन होतं. पंख्याची घरघर होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

आणि नळी ओढली गेली.

कुठे अडकली असेल म्हणून थोरलीने मान वाकवली. नळी मोकळीच होती. पुन्हा ओढ बसली. हलकी, लागोपाठ दोनदा... ओट्याशी उभ्या असलेल्या आईचा पदर खालून ओढावा तशी.

औषधांच्या वासाखालून दुसराच एक वास वर आला. दुधाचा, कोमट, नुकत्या जन्मलेल्या टाळूचा. पायाशी गादी दबली. तो दाब तिच्या नडगीवरून, मांडीवरून हळूहळू वर सरकत आला आणि पट्ट्यावर थांबला. मग थापट्या सुरू झाल्या. बेंबीच्या अवतीभोवती, चिमुकल्या, चाचपडत. रोजचं दार कुठे गेलं, असं विचारणाऱ्या.

घंटेचं बटण उशामागे होतं, पण मागे वळायचं तर पोट वळणार.

"बाळा..." ती कशीबशी म्हणाली, "आता आत नाही येता यायचं."

थापट्या थांबल्या. मग अगदी जवळ, तिच्या छातीशी, एक उचकी. रडू फुटण्याआधी लेकरू श्वास ओढतं ना, तशी. आणि तो ओझ्याचा गोळा दोन्ही बाजूंनी वर ताणल्यासारखा झाला. उचलून घे म्हणणारं मूल असंच हात वर करतं.

तिचे हात आपोआप पुढे गेले. किती वर्षं ते रिकामे होते. बोटं त्या उबेखाली शिरली, कोपर ताणले गेले, आणि पोटात आतून टाका कच्चकन ओढला गेला. कळ डोक्यात गेली. त्या कळेनेच तिला भानावर आणलं. तान्ह्या बाळाचं ओझं एवढं नसतं. आणि हे तर दर श्वासाला वाढत होतं.

तिने हात ओढून काखेत घट्ट दाबून धरले. ओठांवर देवाचं नाव आलं, पण ते पुरं होण्याआधीच ती रडत होती. "नाही गं उचलता येत मला," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही होणार... जा तू."

किती वेळ गेला कळलं नाही. मग गादी पायाशी हलकेच वर आली. वास विरला. दाराबाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या, जरा थबकल्या आणि पुन्हा चालू झाल्या.

जाऊ आत आली. उजव्या हातातली औषधांची पिशवी तिने टेबलावर ठेवली. लिफ्ट बंद पडली होती, जिना चढून जीव मेटाकुटीला आला, अशी तिची तक्रार चालली होती, पण नेहमीपेक्षा खूपच खालच्या आवाजात. थोरली तिच्याकडे बघत राहिली. जाऊचा डावा हात कोपरात वाकून कमरेशी लागला होता. कंबर एका अंगाला काढून ती उभ्या उभ्या मंद झुलत होती.

"हात खाली सोड," थोरली पुटपुटली. "ऐक माझं... सोड तो हात."

"हळू बोला ताई," जाऊ म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

कुणाचा, ते तिचं तिलाही उमगलं नसावं. ती गोंधळून हसली आणि तिने हात सोडला. हात खाली आला, बाही मात्र आली नाही. खांद्याजवळ बाहीला एक चुणी पडली होती, मुठीत आवळून धरल्यासारखी, आणि जाऊ पाणी ओतायला वळली तरी ती सुटली नाही.