डोहाकाठचा जाळ

टोनी, इंद्रजीत, ती फुगवलेली ट्यूब आधी खाली ठेवा. भीमेवर मासे धरायला जाताय, जा. पण एवढं ऐकून जा. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दत्ताचं आहे, सांगोवांगी नाही.

गेल्या साली, भोगीची आदली रात्र. साडेदहा झाले असतील. सकाळच्या अंघोळीच्या पाण्यात टाकायला दत्ताच्या बायकोनं, गीताबाईंनी, तीळ मागितले होते आणि त्या कुरकुंभला रात्रपाळीला निघून गेल्या. तुमच्या दयामामीनं वाटी माझ्या हातात दिली. आमच्यात भोगी नसते, पण शेजारधर्म असतो. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या रात्री दत्ताच्या न्हाणीतून धूर कशाचा येतोय, ते मला बघायचंच होतं.

दत्ता उघड्या अंगानं बंबापुढं बसला होता. बंबात मोडक्या लाकडी खुर्चीचा हिरवा पाय खुपसत होता.

"सरपण संपलं व्हय रं?"

"संपू द्या. जॉन्सनमामा, पाण्यात हात घाला."

घातला. असा चटका बसला की बोटं फुंकत बसलो. त्यानं तेच पाणी तांब्यानं अंगावर घेतलं आणि त्याचे दात वाजायला लागले. ओठ निळे.

"वर्ष झालं, मामा. उन्हाळ्यात बी असंच. कसलंबी पाणी माज्या अंगाला लागलं की डोहातलं होतंय."

मग त्यानं सांगितलं.

तो आणि रोहिदास जोडीनं मासे धरायचे. थंडीत मासा उबेला खोल जाऊन बसतो. ती ऊब नेमकी कुठं आहे, ते रोहिदासच्या पायाला कळायचं. जागा मात्र तो कुणाला सांगायचा नाही. दोघांचा नेम असा, की एकानं ट्यूबवर पाण्यात जायचं आणि दुसऱ्यानं काठावर शेकोटी जपायची. धुक्यात काठ कुठं, ते त्या जाळावरूनच कळतं. वर्षापूर्वी ह्याच रात्री रोहिदास पाण्यात असताना दत्तानं शेकोटीवर बादली ओतली.

"जागा सांग, मंग पेटवतो, म्हणलं. जिरवायची व्हती त्याची. त्यो वरडत व्हता, दत्ता, जाळ कर... म्या गप बसलो. मंग त्योच गप झाला."

सकाळी रोहिदास काठापासून चार हातांवर सापडला होता. थंडीनं गेला, असंच सगळ्यांनी धरलं.

मी तिळाची वाटी खाली ठेवली.

तेवढ्यात बंब चर्रर्र झाला. वरून कुणी पाणी ओतावं तसा. जाळ गेला.

अंधार.

कुणीतरी श्वास घेत होतं. बुडता माणूस वर येऊन घेतो, तसा.

"रोहिदास," दत्ता म्हणाला. "इकडं... काठ इकडं हाय..."

...

पाणी हललं. बस.

मी मोबाइलचा उजेड केला. दत्ता बसलेलाच होता. मुठी आवळलेल्या. हात लावला. दगड. डॉक्टर नंतर म्हणाले, हार्ट. असेल. पण आत्ता गेलेला माणूस इतका गार नसतो, पोरांनो.

बंबात बघितलं. राख ओली. निखारा एक नाही. खुर्चीचा पायही नाही.

पहाटे मी नदीवर गेलो. का गेलो विचारू नका, मला राहवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. डोहाच्या काठाला, जिथं वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं, तिथं शेकोटी पेटलेली होती. भोवतीच्या चिखलात पाऊल नाही.

जाळात अर्धा जळलेला, खुर्चीचा हिरवा पाय.