राजाच्या वकिलाची पगडी

शनिवारी सकाळी अकरा वाजता महाल भागातल्या एका खाजगी हायस्कुलात शिक्षण खात्याचा चपराशी आला आणि इतिहासाचे मास्तर मधुकरराव यांना भरवर्गातून बोलावून घेऊन गेला. खडू त्यांच्या हातातच राहिला. दुपारी तोच खडू मुठीत धरून ते इतवारीत नत्थूजी नंदनवारांच्या दारात उभे होते.

नत्थूजी खाजगी तपासाची कामे करीत. घराणे कोष्ट्यांचे, पण त्यांनी माग कधीच सोडला होता. त्यांच्या बैठकीत रोज हजर असत ते बापूजी, होमिओपॅथीच्या गोळ्या देणारे डॉक्टर. बापूजी आणि मधुकरराव लहानपणी एकाच बाकावर बसलेले. मित्राचा चेहरा पाहून बापूजींनी सरकून त्याला जागा करून दिली.

"बस गा मधू. तोंड काहून उतरलं?"

"निलंबित केलं. हुकूम पक्का झाला, की प्रांतातल्या कोणत्याच शाळेत मला उभं करणार नाहीत."

नत्थूजींनी पाण्याचा गडवा पुढे केला. "गुन्हा?"

"मुलांना इतिहास शिकवला, हा. सनावळ्या घोकून पोरं पेंगतात. म्हणून काल शुक्रवारी वर्गात न्यायसभा भरवली. सीताबर्डीची लढाई. आरोपी भोसले राजा, आरोप कंपनीशी केलेला तह मोडल्याचा. दोन मुलं दोन बाजूंचे वकील, बाकीचे पंच. ऐकायचं, विचार करायचा आणि मडक्यात मत टाकायचं."

"आपल्या दत्तोपंत मास्तरांचीच युक्ती!" बापूजी खुलले. "आपल्या वर्गात तेव्हा तू वकील होता. मी तर माझं मत चावून खाल्लं, लय भूक लागली होती."

मधुकरराव हसले नाहीत. "शाळांच्या उपनिरीक्षकांनी मला तीन गोष्टी ऐकवल्या. राजाच्या वकिलानं डोक्यावरची पगडी काढून न्यायासनापुढं ठेवली. मुलांनी मडक्यात ज्वारी टाकून राजाला निर्दोष सोडलं. आणि मग कंपनीच्या नावानं शिमगा केला. म्हणे मी पोरांना बंडाचे धडे देतो."

"खरं किती?"

"एकही नाही. वकील झालेला मुलगा बोडका होता. मतं चिंचोक्यांची होती, काळा म्हणजे दोषी, खडूनं रंगवलेला म्हणजे निर्दोष. आणि राजा दोषी ठरला. मुलांनी तहाची कलमं वाचून ठरवलं."

"मग पोरांचीच साक्ष काढा न!" बापूजी म्हणाले.

"पढवलेली पोरं, म्हणतात. सांगणारा माणूस भरवशाचा आहे, त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं शब्द मागे घेतला तर हुकूमही मागे घेऊ. पण नाव सांगणार नाहीत."

"सभा होणार हे कोणाला ठाऊक होतं?"

"वर्गाला. भैयाजी मास्तरांना, ते माझ्या पद्धतीवर खार खाऊन असतात. ओमप्रकाश किराणावाल्यांना, त्यांचाच मुलगा राजाचा वकील होता. आणि दत्तोपंत सरांना. ते आता आमच्याच शाळेचे हेडमास्तर आहेत, परवानगी त्यांचीच."

बापूजींनी मनातल्या मनात भैयाजींना बेड्या ठोकून टाकल्या.

भैयाजी धरमपेठेत राहत. ते ओसरीवर पाय पसरून बसले होते.

"मी खबर दिली? मले काय गरज?" ते म्हणाले. "तमाशा तर मी मागच्या बाकावर बसून पाहिला. राजाचा वकील कोण, तर चकोट केलेलं पोट्टं! आरोपीपेक्षा त्याचीच कीव येत होती. आणि मतं काय, तर चिंचोके. म्हटलं, मधुकरराव, आता सारीपाट खेळून राहिले का इतिहास?"

"तुम्हाला राग येत नाही?"

"येते न! माझ्या वर्गातली पोरं घंटा वाजली की पळतात. याच्या वर्गातली घंटा झाल्यावरही भांडत बसतात, राजा चुकला का कंपनी. तरी पण कोणाच्या पोटावर पाय देणारा मी नोहे. जेवून जाता का?"

रस्त्याला लागल्यावर बापूजी म्हणाले, "जेवायला बोलावते म्हणजे सज्जन, असं थोडंच आहे?"

"सज्जन आहे का ते मी विचारलंच नाही," नत्थूजी म्हणाले. "त्यानं काय पाहिलं ते विचारलं."

ओमप्रकाशचे दुकान इतवारीतच होते. तो गुळाची भेली फोडत होता.

"बिलकुल नाराज आहे मी, साहब. पोरगा हिसाब सोडून तहाची कलमं पढून राहिला. आजी वारली, डोकं भादरलं, सुतक फिटलं, तर त्याच दिवशी म्हणते, बाबा, मले राजाची वकिली करायची आहे! वर मास्तरांना चिंचोके पाहिजेत. पोतंभर पडले होते, दिले. पण काल संध्याकाळी रडत आला."

"का?"

"हरला न! राजाले वाचवता नाही आलं म्हणे. रात्री जेवला नाही. आता सांगा, शंभर बरस झाले मेलेल्या राजासाठी माझ्या घरचा पोरगा उपाशी!" त्याने हातोडी ठेवली. "पण साहब, पहली बार शाळेसाठी रडला. अशा मास्तरला मी काढवीन?"

बापूजींच्या बेड्या आता कोणाच्याच हाताला बसेनात.

दत्तोपंत शाळेच्या कचेरीत एकटेच होते. बापूजींनी सवयीने वाकून पाय धरले. मधुकररावांनीही.

"बाप्या, जाडा झालास," दत्तोपंत म्हणाले. "मधू, बैस. मी खात्याशी बोलून पाहीन. वेळ वाईट आहे, चळवळीनंतर इंग्रज सरकार सावलीलाही भितं."

"सर, काल आपण सभा पाहिली?" नत्थूजींनी विचारलं.

"दारातून. मुलं पाठमोरी रांगेत उभी होती, मुठी मिटलेल्या. उपनिरीक्षक भेटीला आले, म्हणून निकालापूर्वीच परतलो." त्यांची नजर मधुकररावांवर स्थिरावली. "पण मला मूळ सभाच आठवत होती. हा एवढासा वकील, वडिलांची पगडी घालून आलेला. ती सारखी डोळ्यांवर यायची."

बाहेर आल्यावर मधुकररावांनी मागे वळून कचेरीकडे पाहिलं. "पाहिलंत? माझ्यासाठी झुरताहेत. मी मास्तर झालो तो यांच्यामुळे."

दत्तोपंत सुटीच्या दिवशीही कचेरीत येत. रविवारी सकाळी नत्थूजींनी दोघांना पुन्हा त्याच कचेरीत नेले.

"सर, नाव सापडलं," ते उभ्यानेच म्हणाले. "आरोपातल्या तिन्ही गोष्टी शुक्रवारी घडल्या नाहीत. भैयाजी आत बसले होते. त्यांना मधुकररावांना बुडवायचं असतं, तर बोडक्या वकिलाच्या डोक्यावर पगडी कशाला चढवली असती? पोरांनी खबर दिली असती, तर पाहिलेलंच तिखटमीठ लावून सांगितलं असतं. ओमप्रकाशनं मुलाचं डोकं भादरलं, चिंचोके दिले, निकालाचं रडणं ऐकलं. त्याच्या तोंडी पगडी, ज्वारी, निर्दोष सुटका येणार नाही."

"मग कोणी रचून सांगितलं?" बापूजींनी विचारलं.

"रचलेलं नाही. घडलेलं आहे. डॉक्टर, लहानपणी तुम्ही जे मत खाल्लं, ते कशाचं होतं?"

"ज्वारीचं." म्हणता म्हणता बापूजी थांबले.

"मधुकरराव, तेव्हा निकाल काय लागला?"

"निर्दोष. आणि आम्ही कंपनीच्या नावानं शिमगाही केला होता." मधुकररावांचा आवाज खाली गेला. "मी पगडी काढून... सरांच्या पायाशी ठेवली होती. सरच न्यायाधीश होते. निलंबनाच्या धक्क्यात हे जुळवून पाहिलंच नाही."

"खबर देणाऱ्यानं शुक्रवारची सभा दारातून पाहिली. त्याला पाठी दिसल्या, मिटलेल्या मुठी दिसल्या. मुठीत काय होतं, वकिलाचं डोकं कसं होतं, निकाल काय लागला, काही दिसलं नाही. उरलेलं त्यानं जुन्या सभेतून भरलं. ती जुनी सभा पाहिलेला, शुक्रवारी दारात उभा असलेला आणि खात्याच्या भरवशाचा माणूस एकच आहे."

बापूजींना वाटलं, सर आता ओरडतील, आपल्याला हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

दत्तोपंत टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. "उपनिरीक्षक भेटायला आले ते हेच विचारायला. कोण्या माजी विद्यार्थ्यानं कुठेतरी बढाई मारली होती, आमच्या शाळेत राजाला निर्दोष सोडलं होतं म्हणून. त्यांनी पगडी, ज्वारी, सगळं ऐकलेलं. विचारलं, हे कोणाचं काम? माझी पेन्शन जवळ आली आहे, शाळेची मान्यता त्यांच्या हातात. पलीकडच्या वर्गात तुझी सभा चालूच होती. मी घडलेलंच सांगितलं मधू. नाव तेवढं बदललं."

"तुमचं काढून माझं घातलंत."

"हो."

"सर, परत जाऊन निकाल तरी विचारायचा होता," मधुकरराव म्हणाले. "मी पगडी ठेवली आणि तुमच्या वर्गानं राजाला सोडलं. आम्हाला राजाची दया आली होती. या पोरांनाही आली. तरी त्यांनी कलमं वाचली आणि मन घट्ट करून दोषी म्हटलं. तुम्ही शिकवलंत त्यापेक्षा ती पुढं गेली. आणि तुम्ही त्यांनाच बंडखोर ठरवलंत."

दत्तोपंतांनी खुंटीवरचा कोट उतरवला. बापूजी नेहमीसारखे बाही धरायला पुढे झाले आणि अर्ध्यावरच थांबले. म्हाताऱ्याने चाचपडत कोट स्वतःच घातला.

"साहेबांच्या बंगल्यावर जाऊन येतो," ते म्हणाले. कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

टांगेवाल्याने त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या उपनिरीक्षकांच्या फाटकाशी सोडलं, एवढं पक्कं कळलं. आत काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही. सोमवारी दत्तोपंत शाळेत आले नाहीत. मधुकररावांचा तास भैयाजींनी घेतला. संध्याकाळी खात्याची कचेरी बंद झाली, तोवर हुकूम पक्का झालेला नव्हता आणि मागेही घेतलेला नव्हता.