मंडळी येऊन गेली

बसा मंडळी, आणि सारखं दाराकडे बघू नका. कडी लावलीय मी. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो सुतार माझ्या बरोबरीचा, आमच्याच चर्चमधला. अजून धडधाकट आहे. एक शब्द जास्तीचा घातला तर उद्या माझी हजेरी घेईल.

तर, गुरुवार होता. थंडीतली तेवीस तारीख. संध्याकाळचे सव्वासात, पण बाहेर मिट्ट काळोख. सुतार पिशवीत पेचकस, पटाशी आणि टॉर्च घालून चर्चकडे निघाला. बाक काढायचं काम होतं. आतून रंग द्यायचा म्हणून भिंती खरवडून झाल्या होत्या, आणि रंग झाला की बाकांच्या जागी गादीच्या खुर्च्या आणायच्या असं कमिटीनं ठरवलं होतं. बारा बाक. बाराही त्यानं तरुणपणी स्वतःच्या हातानं केलेले आणि स्क्रूंनी जमिनीला आवळलेले. तासाभराचं काम, पण माणूस आतून पेटलेला होता.

का, ते सांगतो. एकोणीस दिवसांपूर्वी त्याची बायको गेली होती. त्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पडायच्या आधी तीस वर्षांत त्या बाईनं एक रविवार चुकवला नव्हता. सगळ्यांच्या आधी यायची, बाक पुसायची, मग तिसऱ्या बाकावर खिडकीच्या कडेला बसायची. शेजारी हा. गाण्यात हिचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि सुराच्या जरा बाहेर.

दोघांचा एक विनोद होता. गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला की हा म्हणायचा, "आमच्या मंडळींना विचारून सांगतो." तिनं ते नेमकं पकडलं. चहा घेऊन आली की कामाच्या खोलीची कडी वाजवायची. हा विचारायचा, "कोण?" ती म्हणायची, "मंडळी." तीस वर्षं तेच, आणि रोज दोघं हसायची. आता, आपल्यात चर्चलाही मंडळीच म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. ख्रिस्ताची मंडळी. विटा नव्हेत, माणसं. तिचा त्यावर अक्षरशः विश्वास होता.

म्हणून अंथरुणावरून दर रविवारी दुपारी ती विचारायची, "अहो, मंडळी येऊन गेली का?"

हा म्हणायचा, "येऊन गेली. तू झोपली होतीस."

साफ खोटं. काळं कुत्रंही आलं नव्हतं. चर्चच्या दारापासून त्यांचं घर दोनशे पावलांवर. दर रविवारी उपासनेत आजाऱ्यांच्या यादीत तिचं नाव वाचलं जायचं. सगळे डोळे मिटायचे, आमेन म्हणायचे, आणि डोळे उघडले की आपापल्या घरी जेवायला. मीही. माझ्याकडे असं बघू नका, मी स्वतःला सोडलेलं नाही. दोनशे पावलं झाली नाहीत आमच्यापैकी एकाच्याही पायांना. मातीला मात्र सगळे आलो, कपड्यांना इस्त्री करून.

शेवटच्या महिन्यात एकदा हा खोटं बोलला, तेव्हा ती म्हणाली, "माहीत आहे मला. काठीवाल्या बाई कितीतरी वेळ पायाशी बसल्या होत्या." काठीवाल्या बाई म्हणजे आमच्या जुन्या शाळामास्तरीण. त्यांना वारून नऊ वर्षं झाली होती. ताप डोक्यात गेला, असं त्यानं धरलं.

आदल्या दिवशी, बुधवारी, कमिटीचे सेक्रेटरी त्याच्या दारात आले. याला वाटलं, भेटायला आले. त्यानं खुर्ची पुसली.

"बाक काढायचे आहेत," सेक्रेटरी उभ्याउभ्याच म्हणाले. "तुमच्या हातचे आहेत. तुम्ही काढलेत तर मोडतोड होणार नाही."

"बसा तरी."

"बसायला वेळ नाही हो. कमिटी खोळंबलीय."

याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो एवढंच म्हणाला, "किल्ली ठेवा. उद्या काढतो." आणि मनात ठरवून टाकलं. आधी तिचा बाक काढायचा. अंगणात नेऊन कुऱ्हाडीनं फोडायचा. आणि पुन्हा त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, मेल्यावरसुद्धा नाही.

तर सव्वासातला त्यानं कुलूप काढलं. मदतीच्या निमित्तानं कुणी लुडबुडायला नको म्हणून दार आतून लावलं. रंगकामासाठी वीज तोडलेली होती. खरवडलेल्या चुन्याची पांढरी धूळ सगळीकडे, बाकांवर, फरशीवर, बोटभर जाड. तिच्यात पावलं उमटवत तो तिसऱ्या बाकापाशी गेला. टॉर्च जमिनीवर ठेवला, गुडघे टेकले आणि पहिला स्क्रू फिरवला.

"बघ," तो मोठ्यानं म्हणाला. "बघून घे तुझी मंडळी. दोन वर्षं वाट बघितलीस. दर रविवारी खोटं बोलायला लागलं मला. मरणाऱ्या माणसाशी."

स्क्रू निघाला.

मागे कुठेतरी लाकूड वाजलं.

नववा बाक. त्याला बघायची गरज नव्हती. नवव्याचं लाकूड ओलं निघालं होतं, माणूस बसला की तो कण्हायचा. बाराही बाकांचे आवाज त्याला पाठ होते.

मग सातवा वाजला.

मग दहावा... मग सहावा... एकेक, सावकाश. उपासनेच्या आधी म्हातारी माणसं टेकतात तसे.

त्याचा पेचकस थांबला.

ठक.

फरशीवर काठी. ठक... ठक... मधल्या वाटेनं पुढे येत होती. त्याच्या अगदी पाठीशी आली.

थांबली.

टॉर्चचा उजेड बाकांच्या पायांवर पडला होता. बाकांचेच पाय. दुसरे कुणाचे... नव्हते.

तिसरा बाक कधी वाजत नसे. तिच्यासाठी म्हणून त्यानं सांधे दोनदा बसवले होते. तो आताही वाजला नाही. फक्त लाकूड जरासं दबलं. त्याच्या तळहाताखाली. खिडकीच्या कडेला.

मान वर होईना.

"कोण?"

...

...

"मंडळी."

कडी कशी काढली, बाहेरून कुलूप कसं लावलं, त्याला काही आठवत नाही. घरी पोचला तेव्हा किल्ली मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

सकाळी सातला सेक्रेटरी बाक न्यायला टेम्पो घेऊन आले. सुतारानं त्यांच्या देखत कुलूप काढलं. फरशीवरच्या धुळीत पावलं फक्त त्याची, तिसऱ्या बाकापर्यंत गेलेली आणि परत आलेली. पण बाकांवरची धूळ पुसली गेली होती. माणूस बसून उठला की जशी पुसली जाते, तशी. एकाला लागून एक, दाटीवाटीनं. बाराच्या बारा बाक भरून.

सेक्रेटरींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? कोण बसलं होतं इथं?"

"मंडळी," सुतार म्हणाला.

"कुठली मंडळी? आपली सगळी तर काल घरी होती."

"हो. तुम्ही सगळे घरीच होता. दोन वर्षं."

टेम्पो रिकामाच परत गेला, आणि खुर्च्यांचं नाव पुन्हा कमिटीत निघालं नाही. त्या सकाळी सुतारानं काढलेला स्क्रू जागच्या जागी घट्ट आवळला. राग गेला होता म्हणून नव्हे. तो अजून आहे, माझ्याशी बोलताना तर हमखास असतो.

स्क्रू आवळून उठताना त्याचं लक्ष गेलं. तिसऱ्या बाकावर खिडकीच्या कडेची जागा स्वच्छ होती. अलीकडच्या टोकापर्यंत बाकीचीही स्वच्छ. मधे, तिच्या शेजारी, एवढीच धूळ तशीच राहिली होती. एका माणसापुरती. त्यानं टेप लावून मोजली नाही. स्वतःची रुंदी सुताराला ठाऊक असते.