मिसबाच्या पत्रिकेची फाईल

ट्रान्सफॉर्मर उडालाय म्हणजे तास-दीड तास लाइट येत नाही. धायरीत हे ठरलेलं. तेव्हा बसा. तुम्ही सगळे आयटीतले, म्हणून तुमच्याच धंद्यातली गोष्ट सांगतो. ज्यांच्यावर ती गुदरली ते खोटं बोलत नाहीत. त्यांना जमतच नाही.

सदाशिव पेठेत हमीदभाईंचं लग्नपत्रिका डिझाइन करून द्यायचं दुकान आहे. रिटायर झाल्यापासून मी तिथे प्रूफं वाचतो. कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय लागली, ती सुटेना. दुकानात पाटी आहे : ‘फाईल कर्व्ह करून आणावी. अक्षरं उडाल्यास इथे रडू नये.’ कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकणं. मग कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तरी ती दिसतात. पण पुढे त्यांत काही बदलता येत नाही.

त्यांच्या पत्नी सकीनावहिनी. त्यांनी तीन वर्षं खपून स्वतःच्या हस्ताक्षराचा फॉन्ट केला होता. पेठेत फॉन्ट सर्रास चोरतात, म्हणून हमीदभाईंनी त्याची कॉपी कुणालाही दिली नाही. स्वतःकडेही दुसरी ठेवली नाही. होता तो एका जुन्या कॉम्प्युटरवर. शेवटच्या आजारात वहिनींनी त्यावरच मुलीची, मिसबाची लग्नपत्रिका करून ठेवली. मुलगा ठरला होता, तारीख ठरायची होती. ती जागा मोकळी. म्हणूनच फाईल कर्व्ह केली नाही.

वहिनी गेल्या. मिसबा म्हणाली, पत्रिका अम्मीच्याच अक्षरात. नाहीतर छापूच नका.

मग जावेदने, त्यांच्या मुलाने, विषय काढला. “अब्बा, लोक नव्या व्हर्जनच्या फाईली आणतात. आपल्याकडे उघडतच नाहीत. नवा कॉम्प्युटर घेऊ.”

“तुझ्या अम्मीची खुर्ची आणि तो डबा हलणार नाही.”

“मग नवं सॉफ्टवेअर त्या डब्यातच टाकतो.”

“टाक. मला नवे दात बसले, त्यालाही बसेल काहीतरी.”

गुरुवार, एकवीस डिसेंबर दोन हजार तेवीस. सकाळपासून जावेद त्याला चिकटला. सॉफ्टवेअर म्हणालं, ही ऑपरेटिंग सिस्टिम जुनी आहे, नवी आणा. नवी आणली. ती म्हणाली, डिस्क पुसा. पुसली. मग म्हणाली, हा प्रिंटर मी ओळखत नाही. आमच्या पेन्शनच्या खिडक्यांसारखंच सगळं. जावेदने प्रिंटरची वायर काढून टेबलावर ठेवली. फाईली त्याने आधीच पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. मिसबाची पत्रिका उघडली.

सगळे चौकोन. ओळीच्या ओळी, रिकामे चौकोन.

फाईल घेतली होती. फॉन्ट घ्यायचा राहिला होता.

“अनडिलीट केलं नाही का, काका?” हा अनिरुद्ध. विचारणारच.

केलं बाबा. पाच तास केलं. मग जावेद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हमीदभाई त्याला एवढंच म्हणाले, “घरी जा. मिसबाला मी सांगेन.” दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका छापखान्यात द्यायची होती.

पावणेदहा झाले. शटर अर्धं खाली. हमीदभाई एकटे, बरोबर त्या पाटीखाली. आयुष्यभर गिऱ्हाइकांना वाचायला लावलेली पाटी. त्यांनी वाचली. आणि पाटीचं ऐकलं नाही.

बऱ्याच वेळाने ते चौकोनांना म्हणाले, “सकीना, तारीख ठरली गं. अठ्ठावीस जानेवारी. रविवार.”

…

डब्यातल्या पंख्याची घरघर थांबली. कॉम्प्युटर मात्र चालू.

स्क्रीनवर वाळूचं घड्याळ आलं. नव्या सिस्टिममध्ये ते नसतं. तिथे निळं कडं फिरतं. हे जुनं होतं. सकाळी पुसलेलं.

ते उलटलं. पुन्हा उलटलं.

की-बोर्डवर कुणी नव्हतं. कळा वाजत होत्या. सावकाश… थांबून… आजारी माणूस टाइप करतो तशा.

मागे प्रिंटर तापल्याचा वास.

वायर समोर टेबलावर होती.

हमीदभाईंनी मान वळवली नाही. नंतर मला म्हणाले, “पाहिलं असतं तर ती उठून गेली असती.”

…

सकाळी मी पोहोचलो, तेव्हा ते तिथेच बसलेले. प्रिंटरच्या ट्रेमध्ये ट्रेसिंग कागद. त्यावर पूर्ण पत्रिका, वहिनींच्या अक्षरात. मोकळ्या जागी तारीख. अठ्ठावीस जानेवारी, रविवार.

“प्रूफ बघा,” ते म्हणाले.

भिंग लावून तीनदा वाचलं. चूक नाही. त्या कागदावरून छपाईची प्लेट झाली, पत्रिका छापल्या. मिसबा त्यांवरून नुसता हात फिरवत बसली होती.

“प्रिंटरला मेमरी असते, काका.” पुन्हा अनिरुद्ध.

असते की. वायर काढल्यावर, कुणी न घातलेली तारीख आठवण्याइतकी नसते.

आणि ती फाईल आहे ना, ती त्या रात्रीनंतर उघडत नाही. चौकोनसुद्धा दिसत नाहीत. क्लिक केलं की एकच ओळ येते : ‘ही फाईल याहून नव्या व्हर्जनमध्ये केलेली आहे.’

तेव्हा त्याहून नवं व्हर्जन बाजारात नव्हतं.

दर वर्षी नवं येतं. दर वर्षी हमीदभाई जावेदला ते टाकायला लावतात, खुर्ची जवळ ओढतात आणि क्लिक करतात.

गेल्या महिन्यातही आलं. मी शेजारीच होतो.

तीच ओळ.

हमीदभाईंनी ‘ओके’ दाबलं. म्हणाले, “बरं. थांबतो.”