आपोआप उघडणारा आवाज

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं. मी वाकून आत डोकावले.

“जेवायची सुट्टी,” आतून कोणीतरी म्हणालं.

“माझ्या भावाचा आवाज बंद पडलाय.”

शटर थांबलं. आतला माणूसही खाली वाकला. “घशाचे डॉक्टर पुढच्या चौकात—” म्हणता म्हणता त्यानं माझा चेहरा पाहिला आणि शटर पुन्हा वर ढकललं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दादा शाळेत भूगोल शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या स्नायूंनी एकेक करून साथ सोडली. आधी पाय, मग जीभ. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं होतं. त्या बोटानं तो कॉम्प्युटरवर अक्षरं निवडायचा आणि कॉम्प्युटर ती मोठ्यानं वाचायचा. काल मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होते तेव्हा घरची वीज गेली आणि आली. दादाला सांभाळणाऱ्या मावशींनी बटण दाबलं, पण कॉम्प्युटर पासवर्ड मागत बसला. दादाचा पाय खुर्चीच्या पट्टीत अडकून पिळला होता. मावशी शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांना वाटलं, स्वस्थ बसलाय. तीन तास.

त्यानं पिशवी उचलली. “चला.”

घरी आल्यावर त्यानं आधी पासवर्ड काढून टाकला. मग कॉम्प्युटर सुरू होताच कोणकोणते प्रोग्राम आपले आपण उघडतात ती यादी काढली. दादाला कधीच न लागणारी सात-आठ नावं तिथे ठाण मांडून होती. ती त्यानं बंद केली आणि बोलणारा प्रोग्राम यादीत घातला. वीज परत आली की कॉम्प्युटर स्वतःच सुरू व्हावा, अशीही सोय केली. मग सरळ प्लगच उपटला. पुन्हा लावला. कॉम्प्युटर जागा झाला, कुणी हात न लावता अक्षरांची पाटी उघडली. त्यानं प्लग पुन्हा उपटला.

“झालं ना आता?” मी म्हणाले.

“एकदा चाललं म्हणजे चाललं असं नसतं.”

पाचव्यांदा प्लग लावल्यावर दादाचं बोट हललं. “पुरे,” कॉम्प्युटर सपाट आवाजात म्हणाला. “मला चक्कर येते.”

तो हसला. मीही... किती महिन्यांनी, कोण जाणे.

“चिमणे,” कॉम्प्युटर पुढे म्हणाला, “माणूस उपाशी आहे.”

त्यानंतर तो येत राहिला. एकदा कॉम्प्युटरनं परस्पर काहीतरी बदललं आणि ती यादी विस्कटली. एकदा आवाज घोगरा झाला. काम दहा मिनिटांचं असायचं, चहा मात्र तासभर चालायचा.

“तुमच्या चहात साखर नसते,” तो एकदा म्हणाला.

“मग पिता कशाला?”

“सवय... लागली.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं कपात.

दादाचं बोट सावकाश फिरलं. “मी आंधळा झालेलो नाही,” कॉम्प्युटर म्हणाला. पाहुण्याचे कान लाल झाले. मी कप विसळायला आत पळाले.

मग एका सकाळी ते बोटही थांबलं. दादा नुसता बघत होता. मी दुकानात फोन केला. तो म्हणाला, हनुवटीखाली बसेल असं बटण आणतो, संध्याकाळी येतो. फोन ठेवून मी कपाटातून निळा ड्रेस काढला, केस विंचरले, आणि आरशात स्वतःला गुणगुणताना पाहिलं. हातातला कंगवा तसाच राहिला. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. नंतरही तुटकच वागले. तो मुकाट्यानं काम करून जायचा.

हनुवटीनं दादा चार महिने बोलला. शेवटी छाती भरली. डॉक्टरांनी श्वासाच्या यंत्राचं विचारलं. “नको,” दादानं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. “नको म्हणालो.” कागदावर सही मी केली. नवव्या दिवशी सकाळी दादा गेला.

दुकानवाला पंधरा दिवसांनी आला. दारातच म्हणाला, “आज काही दुरुस्त करायला आलो नाही. मला तुमच्याशी लग्न करायचंय. आता विचारायची वेळ नाही, कळतंय. पण तुम्ही बोलायचं का सोडलंत, ते तरी सांगा.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तो दोन पायऱ्या खाली बसला.

“दादाचं काही बिघडलं की तुम्ही यायचात,” मी म्हणाले. “बोट थांबलं त्या दिवशी मी नटत होते... गुणगुणत होते. भावाचं शेवटचं बोट गेलं, आणि मला आनंद झाला होता.”

आता हा उठून जाईल, असं वाटलं.

त्यानं कठड्याचा गज धरला. “बटण दुकानात तयारच होतं,” तो म्हणाला. “दुपारीच आणता आलं असतं. मी घरी गेलो, दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. तुमचा दादा तोवर मुका बसला होता, आणि मी बाह्यांच्या घड्या बघत होतो.”

दादा गेल्यापासून मी रडले नव्हते. आता रडू आलं तेव्हा त्यानं समजूत घातली नाही. फक्त एक पायरी वर सरकला.

“मी थांबेन,” तो म्हणाला. “कितीही दिवस.”

“थांबू नका,” मी म्हणाले. त्याची मान खाली गेली. “या. रोज या.”